आग्नेलच्या शेजारची खुर्ची

रविवार, १२ जानेवारी २०२५

आग्नेलची कादंबरी अखेर छापून आली. 'मीठ आणि मेण'. बांधणी भक्कम, कागद जाड, अक्षर डोळ्यांना न टोचणारं. मुखपृष्ठावर वसईच्या किल्ल्याचा बुरूज आहे आणि तो गोल आहे! इथल्या तटाचे बुरूज टोकदार, नांगराच्या फाळासारखे पुढे आलेले. आमच्या सांडोरच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. मी तिथूनच सुरुवात केली, तेव्हा आग्नेल म्हणाला, "विठू, निदान आतलं एक पान उलट."

आग्नेल डाबरे माझा शाळेपासूनचा मित्र. आमच्या वाडीपासून तीन घरं पलीकडे राहतो. रेल्वेच्या ऑफिसात होता, मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि लिहायला बसला. लग्न केलं नाही. आई गेल्यापासून घरात तो आणि मागच्या खोलीतला भाडेकरू स्टीवन, पाचूबंदरच्या कोळीवाड्याचा. माझं उलट. बारावीनंतर शिक्षण सुटलं, पारनाक्याला मोटर वाइंडिंगचं दुकान टाकलं. पण मोडी मी स्वतः शिकलो, शब्दकोश पुढे ठेवून पोर्तुगीजही शिकलो, आणि वसईच्या इतिहासात काही अडलं की प्राध्यापक मंडळी मला फोन करतात. कादंबरी १७३८-३९ सालातली, म्हणजे मराठ्यांच्या वेढ्यातली आहे. म्हणजे माझ्याच अंगणातली.

संध्याकाळी वाचनालयाच्या अध्यक्ष जयवंतीबाईंचा फोन. मराठी भाषा दिनाला आम्ही दरवर्षी इथल्या एका लेखकाचं पुस्तक निवडतो, एक सभासद त्याची शिफारस करतो, आणि लेखकाचा सपत्नीक सत्कार होतो. यंदा 'मीठ आणि मेण', आणि शिफारस माझी. आग्नेलनेच माझं नाव सुचवलं म्हणे. साहजिक आहे. दुसरं कोण बोलणार?

बुधवार, १५ जानेवारी

प्रेमकथा आहे असं आग्नेल म्हणाला होता. पन्नास पानं झाली, नायिका आलेली नाही. किल्ल्यात चर्चसाठी मेणबत्त्या ओतणारा पास्कू आहे. खाडीपलीकडे मिठागरात राबणारा नागो आहे. पाद्र्यांच्या कोठीचा हिशेब ठेवणारा इग्नास नावाचा एक कारकून आहे. माणसं उभी राहतात. पण नायिका?

शुक्रवार, १७ जानेवारी

नायिका यायची नाहीये. पास्कू आणि नागो, हेच दोघे.

मिठाच्या गोणीने नागोचा खांदा सोलवटलेला असतो. पास्कू कोमट मेण तेलात कालवून त्याला लावतो. दोघंही बोलत नाहीत. एवढंच आहे, दीड पान. मी पान उलटलं आणि पुन्हा मागे आलो. गिऱ्हाईक पुढ्यात उभं होतं, त्याला ताटकळत ठेवलं.

जेवताना बायकोला, द्वारकाला, सांगितलं, "आग्नेलने दोन पुरुषांचं प्रेम लिहिलंय."

"मग? तो दुसरं काय लिहिणार?" असं म्हणून ती ताक आणायला आत गेली.

काय म्हणायचं होतं तिला, कोण जाणे.

सोमवार, २० जानेवारी

पुस्तक संपलं. शेवटी किल्ला पडतो, पोर्तुगीज गलबतांत बसून निघतात, पास्कूलाही जागा मिळालेली असते, आणि तो धक्क्यावरून मागे फिरतो. माझे डोळे चुरचुरले. दुकानात वार्निश चढवलेल्या मोटारी वाळत होत्या, त्याचाही परिणाम असेल.

एका गोष्टीचं मला कोडं आहे. त्या दोघांचं भांडण होतं, मिठाची बरणी कोणी उघडी टाकली यावरून. दिवसभर अबोला. संध्याकाळी एकजण दुसऱ्याच्या पानात मासा वाढतो, काटे काढून, आणि भांडण मिटतं. कोणी माफी मागत नाही. हे असंच असतं! पण ज्याचं लग्न झालंय त्यालाच हे कळतं. ब्रह्मचारी माणसाने हे आणलं कुठून?

संध्याकाळी जाऊन विचारलंच. आग्नेल म्हणाला, "निरीक्षण."

"कोणाचं?"

"तुझं नाही, एवढं सांगतो."

आतून स्टीवनने हाक मारली, "विठ्ठलशेट, पाला आनलाय. ज्येवून जावा." पाला मासा म्हणजे काट्यांचं भांडार. स्टीवनने शांतपणे काटे काढले आणि तुकडे आग्नेलच्या ताटात ठेवत गेला. आग्नेल न बघता खात होता. त्याने चष्मा बदलायला हवा.

बुधवार, २२ जानेवारी

आग्नेलला माझ्या हरकती वाचून दाखवल्या. मोठ्या दोन. एक, राजेळी केळी सालीसकट वाळवताना दाखवली आहेत. सुकेळी करताना केळं आधी सोलतात, मग कारवीच्या मांडवावर उन्हात घालतात. माझ्या आजोबांपासून आमच्या वाडीत हेच चालत आलंय. ही त्याने मुकाट मान्य केली. दोन, नागो पौर्णिमेला दिवेलागणीच्या वेळी भरतीच्या पाण्यातून होडी घालून येतो. पौर्णिमेला त्या वेळी आपल्याकडे ओहोटी असते. चिखलात होडी चालवणार का?

"स्टीवन पण हेच बोलला होता," आग्नेल म्हणाला. "मी ऐकलं नाही. त्या भेटीला मला भरतीच हवी होती."

"स्टीवनने छापायच्या आधी वाचलं?"

"प्रत्येक पान. कधीकधी मी वाचून दाखवायचो, तो जाळं विणत बसायचा."

मला आधी दाखवलं नाही, याचं वाईट वाटलं. भाडेकरू जवळ असतो, सोयीचं पडतं, हे मान्य. पण भाडेकरू तो भाडेकरू.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदनानंतर वाचनालयाची बैठक. जयवंतीबाई निवृत्त मुख्याध्यापिका. बोलतात तेव्हा अजूनही आमचे पाय जुळतात. मला म्हणाल्या, "चुरी, तुम्ही इतिहासावर बोला. वेढा, मिठागरं, मेण कुठून यायचं. बाकीचं लोक वाचतील तेव्हा वाचतील."

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. इतिहासावर मी झोपेतही बोलेन.

मग खुर्च्यांचा विषय निघाला. आमच्याकडे लेखक एकटा बसत नाही. विधुर असला तर बहीण बसते, सून बसते. शाल लेखकाला, खण-नारळ शेजारच्या खुर्चीला. ही पद्धत इतकी वर्षं मीच सांभाळली आहे. एका कवीची बायको माहेरी गेली होती, तर मी कार्यक्रम पुढे ढकलला होता. आग्नेलच्या शेजारी कोण, असं विचारल्यावर सगळे टेबलाकडे बघायला लागले. मी म्हटलं, त्याची बहीण क्लेमेंटीन वांद्र्याला असते, तिला मी बोलावतो. जयवंतीबाई म्हणाल्या, "तुम्हांला योग्य वाटेल तसं करा, चुरी." त्यांच्या आवाजात काहीतरी होतं.

बुधवार, २९ जानेवारी

क्लेमेंटीनला फोन केला. पुस्तकाचं कौतुक तिने मनापासून केलं. मग खुर्चीचं सांगितलं.

"स्टीवनला विचारलं का, भाऊ?"

"स्टेशनवरून तुम्हांला आणायला? विचारतो ना. त्याला गाडी येते."

"तसं नव्हे. माझ्या भावाच्या शेजारी बसायचा मान माझा नाही हो. मी समोर बसेन."

सख्ख्या बहिणीचा मान नाही तर कोणाचा? फार संकोची बाई आहे. मी आग्रह केला तेव्हा बरं म्हणाली.

रविवार, २ फेब्रुवारी

आज बिनसलं. नेमकं कुठे, ते कळावं म्हणून जसं झालं तसं लिहितो.

आग्नेलकडे गेलो. तो ओट्यावर बसून पपईच्या बिया काढत होता. मी म्हटलं, "क्लेमेंटीनचं पक्कं झालं, तुझ्या शेजारी ती बसेल."

तो म्हणाला, "तिला कशाला त्रास? स्टीवन बसेल."

मी हसलो. थट्टा वाटली. म्हटलं, "अरे, तो कसा बसेल? तो भाडेकरू. उद्या मी माझ्या शेजारी दुकानाच्या जागामालकाला बसवीन."

आग्नेलने सुरी खाली ठेवली. स्टीवन विहिरीवर होता, पाणी ओतल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"भाषणात काय बोलणार आहेस?" आग्नेलने विचारलं.

मी मुद्दे सांगितले. मेणाचा व्यापार. मिठावरचा कर. बुरूज. वेढ्यातले सुरुंग.

"आणि ते दोघं?"

"त्यांचं लोक वाचतील."

"विठू," तो म्हणाला, "तू माझ्या पुस्तकातली सगळी भांडीकुंडी दाखवणार आणि घरातली माणसं झाकून ठेवणार."

मी म्हटलं, बैठकीत असं ठरलंय. तो उठून आत गेला. पपई तशीच राहिली.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आग्नेलचा मेसेज: "सत्कार नको. शिफारसही नको. दुसरं पुस्तक घ्या."

फोन उचलत नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

नेत्रा आली होती, आमची मुलगी. एव्हरशाईन सिटीत राहते, रविवारी भाजी न्यायला येते. तिला सगळं सांगितलं, माझी बाजू नीट मांडली. आग्नेलला पुस्तकाच्या यशाने अहंकार चढला असावा, असं मी म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे.

"आई, बाबांना खरंच माहीत नाही?"

"नाही गं," द्वारका म्हणाली, वालाच्या शेंगा मोडता मोडता. "त्यांना वाटतं स्टीवनचं नि आग्नेलचं पटत नाही. चर्चमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसतात म्हणून."

"बसतातच!" मी म्हटलं. "मी मागे आग्नेलच्या आईच्या वर्षश्राद्धाच्या मिस्साला गेलो होतो तेव्हा स्वतः पाहिलंय."

"हो ना," द्वारका म्हणाली, "आणि घरी जाताना एका छत्रीत."

मला काय माहीत नाही ते विचारलं, तर कोणी सांगेना. द्वारका म्हणाली, "तुम्हांला सांगून उपयोग? तुम्ही कागद मागाल." नेत्रा पाव किलो जास्तीची वांगी घेऊन हसत गेली.

दिवसभर डोक्यात तेच. एका छत्रीत. तर काय झालं? छत्र्या महाग झाल्या आहेत.

आणि तरीही. पाला. भरती. 'स्टीवन बसेल.' तुकडे समोर पडलेत आणि वाइंडिंग उलटं बसल्यासारखं वाटतंय: विजेचा आवाज येतो, मोटार फिरत नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

स्टीवन दुकानात आला. विहिरीवरची मोटार जळलीय. मी उघडून पाहिली. परवा न्या, म्हटलं. तो गेला नाही. टोपी हातात घेऊन उभा.

"एक बोलू, शेट? राग नको."

"बोला."

"मला ती खुर्ची नको. मला स्टेजवर घाम येतो. पन त्याच्यासमोर मला भाडेकरू बोलू नका."

"अहो, पण तुम्ही..."

"भाडं मी कधी दिलंच नाय." आवाज चढला नव्हता, भाव सांगावा तसं सांगितलं. "पयल्या महिन्याचं घेऊन त्याच्या आईसमोर गेलो. म्हातारीने नोटा बघितल्या, माझ्या हातातली बोंबलाची पिशवी बघितली. बोलली, ती पिशवी आत ठेव, आनि हात धू. तेव्हापासनं तिथंच हाय मी. मागच्या खोलीत कांदे असतात, शेट. तुम्ही कधी आत येऊन बघितलं नाय."

मी काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक "बेअरिंगही बदलावं लागेल" असं बोललो.

तो जाता जाता म्हणाला, "त्याला तुमच्या बोलन्याची लय वाट होती. पेपरवाले, पुन्यावाले, ते राहू द्या. विठू काय बोलतो बघू, हेच चालू होतं पुस्तक येईपर्यंत."

गुरुवार, १३ फेब्रुवारी

काल रात्री लिहिता आलं नाही.

मी इतिहासात दोन स्वतंत्र साक्षी मिळाल्याशिवाय काही मानत नाही. स्टीवन भाडेकरू आहे याला माझ्याकडे आधार काय? आग्नेलच्या आईने कधीतरी कुंपणापाशी माझ्या आईला सांगितलेलं एक वाक्य. ऐकीव. एकच साक्ष, तीही लोकांनी प्रश्न विचारू नयेत म्हणून दिलेली. त्यावर मी एकोणीस वर्षं मजले चढवले.

राग आला का? आला. त्याने मला सांगायला नको होतं? मग वाटलं, सांगितलंच की. दोनशे ऐंशी पानं सांगितलं.

दुसरंही लिहितो, नाहीतर ही वही ठेवण्यात अर्थ नाही. लोक काय म्हणतील हे मनात आलं. दुकानावर चार तऱ्हेची माणसं येतात, माझ्या भाषणानंतर टोमणे मारतील. आणि त्या दोघांचा विचार करताना माझं मन थोडं अवघडतं, कुठे ते नेमकं सापडत नाही. पुस्तकातल्या पास्कू-नागोबद्दल अवघडलं नव्हतं, तिथे डोळे चुरचुरले होते. तीनशे वर्षांपूर्वीचे चालतात आणि तीन घरं पलीकडचे चालत नाहीत, असं का? हे मला शोधून काढायला हवं.

द्वारकाला म्हटलं, "कळलं मला."

"काय कळलं?"

"आग्नेलचं आणि स्टीवनचं."

"बरं झालं. आता सुकेळ्यांचा डबा देऊन या तिकडे. दहा-बारा दिवस झाले, गेला नाहीत."

रविवार, १६ फेब्रुवारी

मोटार स्वतः बसवायला गेलो. डबाही नेला. आग्नेल दारात आला, बाजूला झाला नाही.

"सत्कार नको म्हणालो होतो."

"मोटार बसवायला आलोय."

मोटार बसवली. पाणी आलं. तो लांब उभा राहून बघत होता. मी हात धुता धुता म्हटलं, "पुस्तकावर बोलायचंय मला."

"तुझं भाषण मला ठाऊक आहे."

"ते फाडलं. आता त्या दोघांवर बोलेन."

"येईल तुला?"

टोचलं. पण खरं होतं. मी म्हटलं, "येत नाही. मला सनावळीवर बोलता येतं. पण मोडी मला कोणी शिकवली, आग्नेल? पोर्तुगीज कोणी शिकवलं? हेही शिकेन. दहा दिवस आहेत."

तो हसला. मनाविरुद्ध हसला, पण हसला.

"आणि खुर्च्या दोन असतील," मी म्हटलं. "पण ते तुला विचारत नाहीये." आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. हा उंबरा मी आजवर ओलांडला नव्हता. पलीकडे मागची खोली दिसली. कांदे टांगलेले, जुनी जाळी, आग्नेलच्या आईचा पाट. "स्टीवन, तुम्ही याल का आग्नेलच्या शेजारी बसायला?"

"मी नाय बसनार," तो मसाला वाटता वाटता म्हणाला.

"स्टीवन," आग्नेल म्हणाला.

"बसनार नाय बोललो. उभा राहीन, पायजे तर."

"काय म्हणून बोलावशील त्याला?" आग्नेलने मला विचारलं. आवाज जरा वेगळा होता.

"तू सांगशील ते."

त्याने बराच विचार केला. "स्टीवन. नुसतं नाव. पुढे-मागे काही लावू नको. ज्याला समजायचं त्याला समजेल."

गुरुवार, २० फेब्रुवारी

जयवंतीबाईंकडे गेलो आणि उभ्या उभ्याच सांगितलं: पुस्तक जे आहे ते झाकून मी शिफारस करणार नाही, नाहीतर माझं नाव काढा. त्यांनी चष्मा पुसला.

"पुढच्या रांगेत शाळेची मुलं असतात, चुरी."

"असू द्या."

"तुमचं काय होईल ते बघताय का? दुकान आहे तुमचं."

"मोटारी जळतात तेव्हा लोक भाषण आठवत बसत नाहीत."

त्या हसल्या. "मी दोनदा वाचलंय ते. मला पुस्तकाची काळजी नव्हती, तुमची होती. अर्ध्यात अडखळला असतात तर आग्नेलला ते सगळ्यांत लागलं असतं."

अध्यक्ष कशा झाल्या या बाई, ते आज कळलं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

काल कार्यक्रम झाला.

हॉल भरला होता. क्लेमेंटीन समोर बसली, आधी म्हणाली होती तशी. स्टीवन इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात मागच्या भिंतीला टेकून उभा, पळायच्या तयारीत.

मी कागद नेला होता, पण पहिलं वाक्य कागदाशिवाय बोललो. म्हटलं, "ही दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी आहे." मधल्या रांगेतून एक गृहस्थ उठले आणि खुर्ची मुद्दाम वाजवून निघून गेले. माझे गिऱ्हाईक आहेत. मी ते दारातून जाईपर्यंत थांबलो, तेवढा मान त्यांना दिला.

मग म्हटलं, असे दोघं किल्ल्यात होते याचा कागद माझ्याकडे नाही. नव्हते याचाही नाही. कागद ज्याने लिहिले त्याला मेणाचं वजन ठाऊक होतं, मेण लावणाऱ्याचा हात ठाऊक नव्हता. मी खांद्याचं ते दीड पान वाचून दाखवलं. मध्ये एकदा थांबून पाणी प्यायलो, पुढे वाचलं. म्हटलं, मी हे पुस्तक चुका काढायला उघडलं. चुका आहेत. केळी सालीसकट वाळत नाहीत आणि त्या भेटीला भरती असूच शकत नाही. पण ते पान वाचताना मलाही पाणी चढतानाच दिसलं. तुम्ही वाचा. लग्न झालेल्यांनी आधी वाचा, भांडण कसं मिटवायचं ते यात आहे.

इग्नास कारकुनाचं मी विशेष कौतुक केलं. म्हटलं, कोठीत आलेलं मेण तो तोळ्यापर्यंत सांगतो, पण दोन हात अंतरावर काय चाललंय ते त्याला शेवटच्या पानापर्यंत दिसत नाही. असा नमुना आग्नेलने कुठे पाहिला, कोण जाणे. यावर हॉलभर हशा पिकला. जयवंतीबाईसुद्धा तोंडावर पदर घेऊन हसत होत्या, नेत्रा तर खाली वाकली होती. मी ते विनोद म्हणून लिहिलं नव्हतं. आग्नेलला नंतर विचारलं तर म्हणाला, "तू वाचतोसच इतकं छान."

मग सत्कार. मी म्हटलं, "आग्नेल आणि स्टीवन." पुढे-मागे काही लावलं नाही. क्लेमेंटीन उठली, मागे गेली, आणि स्टीवनचा दंड धरून त्याला पुढे घेऊन आली. तो खुर्चीत बसला नाही. आग्नेलच्या मागे उभा राहिला, एक हात खुर्चीच्या पाठीवर.

आग्नेलला शाल घातली. आणि मग माझ्या लक्षात आलं की इतका विचार करून मी तबकाचा विचारच केला नव्हता. दरवर्षीचं तबक: नारळ, हिरवा खण, मोगऱ्याचा गजरा. जयवंतीबाई ते हातात घेऊन उभ्या. मला घाम फुटला. सगळा हॉल त्या गजऱ्याकडे बघत होता.

स्टीवनने तबकात डोकावून पाहिलं. "नारळ बेस हाय," तो म्हणाला. खण उलगडून उजेडात धरला. "याचा सदरा निघंल का, बाई?"

"खणाचा सदरा होत नाही," जयवंतीबाई वर्गातल्यासारख्या म्हणाल्या.

"मग उशीचा अभ्रा."

"एका उशीचा होईल."

"भांडन लागेल मग," स्टीवन म्हणाला.

आधी कोण हसलं ते सांगता येणार नाही. पण ते हसणं चांगलं होतं. त्यात टोचणी नव्हती, मी कान देऊन ऐकलं. गजरा त्याने द्वारकाला नेऊन दिला. आग्नेल खाली मान घालून बसला होता आणि शालीच्या टोकाने चष्मा पुसत होता.

वाचनालयाच्या सगळ्या प्रती गेल्या. शाळेतल्या एका मुलीने माझी स्वतःची प्रत मागितली. समासात माझ्या दुरुस्त्या आहेत, तरी दिली.

रविवार, २ मार्च

जेवायला बोलावलं होतं, द्वारकाला आणि मला. आज आम्ही सरळ आत, स्वयंपाकघरातच बसलो. कोळंबीचं कालवण, तांदळाची भाकरी.

आमच्याकडे कुठलंही जोडपं घरी आलं की पहिल्या घासाला जो प्रश्न विचारतात, तो या दोघांना मी कधी विचारला नव्हता. आज विचारला. "तुम्ही भेटलात कुठे?"

आग्नेल लगेच म्हणाला, "पाचूबंदरला, मासळीच्या लिलावात. आईने पापलेट आणायला पाठवलं होतं. याने मला शिळं दिलं."

"शिळं नव्हतं," स्टीवन म्हणाला. "आनि ते पयलं नव्हतं."

"पहिलंच होतं."

"त्याच्या आदल्या सालात. गावच्या सनाला. तू बँडात होतास, क्लॅरिनेट वाजवत. शेवटच्या गान्यात तू एकटाच पुढे गेलास आनि बाकीचे मागे राहिले. मी कुंपनावर बसलो होतो."

आग्नेलचा हात भाकरीवर थांबला. "तू तिथे होतास?"

"होतो."

"हे मला कधी बोलला नाहीस."

"काय बोलू? तुला वाटलं असतं मी वर्षभर मागे मागे फिरत होतो."

"आणि फिरत नव्हतास?"

स्टीवनने त्याच्या ताटात कालवण वाढलं. "फिरत होतो ना. पापलेट काय उगाच दिलं तुला? माझ्या टोपलीतलं सगळ्यांत चांगलं होतं ते."

आग्नेल त्याच्याकडे बघत राहिला. द्वारकाने माझ्या गुडघ्याला हलकेच ढोसलं.

सण कुठला, साल कुठलं, गाणं कुठलं, हे विचारायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी पाणी प्यायलो. मग द्वारका आणि मी आमची ताटं उचलली आणि धुवायला विहिरीवर गेलो. तिथे आम्ही चांगला वेळ लावला.